पाटीवर विरार नाही

मंडळाच्या सचिवांनी मला फसवलं. चित्र माझंच ठेवलं, नाव माझंच ठेवलं, पण चित्राखालच्या पाटीवरून विरार काढून टाकलं आणि तिथे मंडळाचा डोंगर लिहिला. ज्याला हे ऐकून ‘एवढंच ना?’ असं वाटेल, त्याने पुढे वाचावं.

मंडळ म्हणजे मुंबईतल्या हौशी आकाशनिरीक्षकांचं. दर अमावास्येला ही मंडळी दोन जीप भरून सह्याद्रीतल्या एका डोंगरावर जात आणि पहाटेपर्यंत दुर्बिणी लावून बसत. मी त्यांच्यात उशिरा गेलो. माझा धंदा ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांचा. कऱ्हाडकडून अठराव्या वर्षी आलो, आधी दुसऱ्याच्या हाताखाली मापं घेतली, मग विरार पश्चिमेला स्वतःचा गाळा घेतला. नव्वदच्या दशकात विरारला रोज एक इमारत उभी राहत होती आणि प्रत्येकीला खिडक्या लागत होत्या. माझ्या मापाची खिडकी कधी परत आली नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, त्या काळातल्या कुठल्याही बिल्डरला विचारा. माझ्या तोंडाबद्दल ते काय सांगतील ते वेगळं.

आकाशाचा नाद लागला तोही कामावरच. सत्त्याण्णव साली पश्चिमेला धूमकेतू दिसत होता. संध्याकाळी बांबूच्या परांचीवर उभा राहून पाचव्या मजल्याची चौकट बसवत होतो, हात मोकळे करायला वळलो, तर समोर शेपूट पसरून तो उभा. खाली भाताची खाचरं, पलीकडे आगाशीच्या वाड्या, मध्ये एक दिवा नाही. मी चौकट तशीच सोडून अर्धा तास बघत राहिलो. दुसऱ्या महिन्यात एक जुनी दुर्बीण घेतली.

पण ते आकाश टिकलं नाही. पाच-सहा वर्षांत चारही बाजूंनी इमारती आल्या, रस्त्यांवर पिवळे सोडियमचे दिवे आले, आणि आमच्या गच्चीवरून मोजायला बसलं तर तारे दोन हातांच्या बोटांवर मावू लागले. त्या इमारतींना खिडक्या मीच बसवत होतो. उजेड बाहेर यायची वाट मीच करून देत होतो, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार?

मंडळाच्या बैठकीला पहिल्यांदा गेलो तेव्हा सचिवांनी विचारलं, “निरीक्षण कुठून करता?”

“विरारहून. इमारतीच्या गच्चीवरून.”

“विरारहून?” ते शेजारच्यांकडे बघून हसले. “विरारहून चंद्र दिसला तरी पुष्कळ म्हणायचं.”

सगळे हसले. सचिव निवृत्त प्राध्यापक, बोलणं तुपात घोळलेलं. त्यांच्या डोंगरावरच्या चित्रांची बैठकीत वाहवा चालली होती. मी त्या दिवशी गप्प बसलो. मला ओळखणाऱ्याला कळेल की ही साधी गोष्ट नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं, “यांना मी विरारहूनच काढून दाखवणार.”

“काय काढून?” तिने विचारलं.

“ते अजून ठरायचंय.”

ठरलं ते सायबर कॅफेत. तिथे तासावर संगणक घेऊन मी परदेशातल्या हौशी लोकांची पानं वाचत असे. एक शब्द दहा वेळा वाचावा लागे, पण मापाची गोष्ट असली की मला कळते. आकाशात वायूचे मोठे ढग आहेत, त्यांना तेजोमेघ म्हणतात. त्यातला हायड्रोजन एका ठरावीक गडद लाल रंगातच उजळतो. रस्त्यावरचा सोडियमचा दिवा पिवळ्या रंगात उजळतो. आता अशी काच मिळाली, जी फक्त तेवढाच लाल आत सोडेल आणि बाकी सगळं दाराबाहेर ठेवेल, तर शहराचा उजेड कॅमेऱ्याला जवळजवळ दिसणारच नाही. अशा काचा मिळतात. त्यांना नॅरोबँड फिल्टर म्हणतात. कागदावरची ती अरुंद फट बघितली आणि मला वाटलं, हे तर आपलंच काम. नेमकी किती फट ठेवायची, यावरच माझं पोट चाललंय.

फिल्टर आणि त्याला लागणारा कॅमेरा इथे मिळत नव्हता. पण वसई गावात एक वयस्कर इंजिनिअर राहत होते. आखातात वीस वर्षं नोकरी करून परतलेले. त्यांनी तिकडून असा कॅमेरा आणि दोन फिल्टर आणले होते आणि ते कपाटात पडून होते, असं मंडळातल्याच एकाकडून कळलं. मी त्यांच्या बंगल्यावर गेलो. बसण्याआधी खिडक्या बघितल्या. जुन्या लाकडी, पावसाने फुगलेल्या, एक तर नायलॉनच्या दोरीने बांधलेली.

“अंकल, कॅमेरा किती वापरला?”

“चार वेळा. इथे हवेतच पानी आहे रे बाबा. काच बाहेर काढली की ओली. बायको म्हणते, कपाटातच ठेवायचा होता तर मिक्सर आणायचा.”

“आणि खिडक्या कधी बदलणार?”

“तू कॅमेरा बघायला आला की घर?”

“दोन्ही. सगळ्या बंगल्याला स्लायडिंग, डासांच्या जाळीसकट. बदल्यात कॅमेरा, दोन्ही फिल्टर आणि केबल.”

“केबल वेगळी.”

“केबलशिवाय कॅमेरा म्हणजे ट्रॅकशिवाय स्लायडिंग, अंकल. मी तसं देतो का कोणाला?”

आत त्यांच्या बायकोने ऐकलं असावं. ती दारात येऊन म्हणाली, “बाथरूमची पन धरली का त्यात?”

“बाथरूमचं व्हेंटिलेटर अर्धी खिडकी धरू,” मी म्हटलं.

“आणि किचनला एक्झॉस्टचं भोक,” ती म्हणाली.

इंजिनिअर कपाळावर हात मारून बसले, पण सौदा तिच्याशीच झाला. साडेअकरा खिडक्या आणि एक भोक. आयुष्यात केलेल्या सौद्यांमध्ये हा सगळ्यात चांगला, आणि दोन्हीकडची माणसं खूश होती असा बहुतेक एकटाच.

कॅमेरा मुठीत मावेल एवढा, मागे छोटा पंखा, चित्र काळंपांढरंच देणारा. फिल्टर दोन: एक हायड्रोजनच्या लालाचा, एक ऑक्सिजनच्या हिरवट निळ्याचा. जुन्या रुपयापेक्षा थोडे मोठे आणि आरशासारखे चमकणारे. डोळ्यासमोर धरले तर पलीकडचं जवळपास काहीच दिसत नाही. बायको म्हणाली, “यातून काही दिसत नाही, म्हणून हे चांगलं?”

“म्हणूनच.”

“आणि साडेअकरा खिडक्या गेल्या.”

पुढची सगळी तयारी माझ्या हातची. दुर्बिणीचा खांब लोखंडी पाइपात वाळू भरून केला आणि इमारतीच्या कॉलमच्या बरोबर डोक्यावर उभा केला. स्लॅबच्या मधोमध उभा केला असता तर पाण्याचा पंप सुरू झाला की तारे थरथरले असते. हे मंडळातल्या पदवीधरांना सुचलं नसतं, इमारत कशी उभी राहते हे माहीत असायला लागतं. दमट हवेने काच भिजू नये म्हणून जुन्या इस्त्रीची तार कापून दुर्बिणीच्या तोंडाभोवती गुंडाळली आणि स्कूटरच्या बॅटरीवर ऊबदार ठेवली. उजेड तिरका आत शिरू नये म्हणून ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा लांब घसा बसवला.

शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं. तिथल्या सुपरवायझरने आमच्या गच्चीकडे तोंड करून सोडियमचा मोठा दिवा लावला होता. कॅमेरा येण्याआधी त्यावरून माझं त्याच्याशी दोनदा भांडण झालं होतं. दुसऱ्या वेळी तर त्याची शिडी मी आमच्या आवारातच अडकवून ठेवली होती. फिल्टरने पहिली दोन चित्रं घेतल्यावर मी स्वतः खाली गेलो.

“तुमचा दिवा राहू दे,” मी म्हटलं. “पाहिजे तर आणखी एक लावा.”

त्याने कपाळावर आठ्या घातल्या. “शेठ, टोमणा मारताय का?”

“नाही. खरंच लावा.”

“शिडी देताय का परत?”

मी शिडी परत दिली. तरी त्याचा माझ्यावर विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने दिवा भिंतीकडे वळवला. मला वाईट वाटलं. त्याच्या दिव्याखाली काढलं असतं तर जास्त शोभलं असतं.

मी निवडला होता रोझेट नावाचा तेजोमेघ. मृग नक्षत्राच्या डाव्या अंगाला, जानेवारीत रात्री नऊ-दहापर्यंत आमच्या पाण्याच्या टाकीवर येतो. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही. एकेक चित्र दहा मिनिटांचं, अशी संध्याकाळनंतर तासन्‌तास घ्यायची आणि मग संगणकावर ज्या-त्या फिल्टरचा रंग देऊन एकमेकांवर रचायची. हायड्रोजनची चित्रं तर मी चांदण्यातही घेतली. मंडळाच्या जीप त्या आठवड्यात घरीच उभ्या होत्या, कारण त्यांना अमावास्या लागते. मला लागत नव्हती. महिन्याभरात चौदा तासांचा उजेड जमा झाला.

सगळी रचून झाल्यावर पडद्यावर ते उमटलं तेव्हा मी बायकोला हाक मारली. लाल पाकळ्यांचं कडं, आत हिरवट निळा पोकळ गाभा, मध्ये ताऱ्यांचा झुबका, आणि पाकळ्यांवर काळ्या बारीक रेघा.

ती पदराला हात पुसत बघत राहिली. “हे आपल्या टाकीवर होतं?”

“टाकीच्या वर.”

“रोज?”

“हिवाळ्यात रोज.”

“आणि आपण टाकी भरली का, एवढंच बघत होतो.”

मी आयुष्यात खूप काही मिळवलं आहे. गाळा, दोन टेम्पो, तीन खोल्यांचं घर. पण त्या रात्री पडद्यासमोर मला जे वाटलं ते यातल्या कशानेच वाटलं नव्हतं. हे कोणी मला विकलं नव्हतं, मी कोणाकडून घासाघीस करून घेतलं नव्हतं. आणि ते विरारच्या उजेडातून काढलं होतं. मला अभिमान चित्राचा कमी होता, त्या जागेचा जास्त.

मोठा प्रिंट काढून मंडळात नेला. सचिवांनी चष्मा काढला, भिंग लावलं आणि ते या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फिरवलं. मग म्हणाले, “हे विरारचं?”

“टाकीवरचं.”

“अहो खिडकीवाले, हे आपण प्रदर्शनात लावू.”

प्रदर्शन वसईतल्या एका शाळेच्या सभागृहात व्हायचं होतं, तीन दिवस. म्हणजे माझ्या लोकांसमोर. मी लगेच ‘हो’ म्हटलं नाही, कशालाच म्हणत नाही. कागद काढला आणि अटी लिहायला बसलो. चित्र दारासमोरच्या भिंतीवर. तीन फूट बाय दोन फूट, त्याच्यापेक्षा मोठं दुसरं नको. दोन्ही बाजूंना एकेक हात जागा मोकळी. चौकट मी करणार. वर वेगळा दिवा. माझं नाव संपूर्ण, वडिलांच्या नावासकट. आणि शेवटची अट: प्रदर्शन संपेपर्यंत चित्र भिंतीवरून कोणीही हलवायचं नाही. ही अट घातली, कारण एकदा एका बिल्डरने माझ्या नमुन्याची खिडकी उद्घाटनाला लावली होती आणि दुपारी काढून दुसऱ्याची लावली होती.

सचिवांनी एकेक अट वाचली आणि प्रत्येकीला मान डोलावली. एवढं सहज मान्य होतंय म्हटल्यावर मला शंका यायला हवी होती. आली नाही. आम्ही दोघांनी सह्या केल्या.

उद्घाटनाच्या दिवशी मी आमच्या इमारतीतली माणसं दोन टेम्पोंत बसवून नेली. सुपरवायझरही आला, इस्त्रीचा शर्ट घालून. दारातून आत शिरलो तर समोर माझं चित्र, माझ्या चौकटीत, माझ्या दिव्याखाली. माणसं थबकत होती. मी मुद्दाम मागे राहिलो, त्यांची तोंडं बघत. बायको पुढे गेली, वाकून खालची पाटी वाचली, आणि वळून मला म्हणाली,

“अहो, आपण इथे कधी गेलो होतो?”

पाटीवर माझं नाव होतं, वडिलांच्या नावासकट. खाली लिहिलं होतं: मंडळाच्या डोंगरावरील निरीक्षणस्थळाच्या अंधाऱ्या आकाशातून टिपलेला तेजोमेघ.

सचिव पाहुण्यांना चहा देत होते. मी त्यांना हाताला धरून बाजूला घेतलं. बायको माझ्या मागेच होती.

“पाटी कोणी लिहिली?”

“आवाज हळू. मी लिहिली.”

“मी तुमच्या डोंगरावर एकदाही आलेलो नाही.”

“मला माहीत आहे हो.”

“मग?”

“विरार लिहिलं तर लोक हसतील. चित्रच खोटं म्हणतील. तुमच्या भल्यासाठी केलं.”

“माझं भलं मी बघतो. पाटी बदला.”

तेव्हा त्यांनी पाहुण्यांकडे डोळ्याने दाखवलं. पुढच्या रांगेत वाड्यांचे दोन मालक आणि एक बिल्डर बसले होते. मंडळाला डोंगरावर पक्की इमारत बांधायची होती आणि तिच्यासाठी हे लोक मदत करणार होते. “तुम्हीच सांगा,” सचिव कुजबुजले, “असं चित्र विरारच्या गच्चीवरून निघतं म्हटल्यावर आमच्या डोंगराला कोण विचारणार?”

म्हणजे खरं कारण हे होतं.

“मग मी चित्र काढून घेतो,” मी म्हटलं आणि भिंतीकडे निघालो.

सचिवांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. माझाच कागद. त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “कोणीही हलवायचं नाही. कोणीही म्हणजे तुम्हीसुद्धा. सही तुमची आहे.” मग हळूच म्हणाले, “आणि यात स्थळाबद्दल एक शब्द असेल तर दाखवा.”

मी सगळा कागद वाचला. नव्हता. फूट होते, हात होते, बाप होता. विरार नव्हतं. ते लिहावं लागेल असं मला वाटलंच नाही. माझ्या पोटात ती गोष्ट एवढी घट्ट बसली होती की ती कागदावर उतरवायची राहून गेली.

मी तिथे काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. वाड्यांच्या मालकांनी चहा खाली ठेवला आणि सुपरवायझरने मला कंबरेला धरून बाहेर नेलं, एवढं सांगतो. शब्दांबद्दल मला खंत आहे, बोलल्याबद्दल नाही.

सही केली म्हणजे केली. चित्राला मी हात लावला नाही. पण कागदात माझ्या बसण्याबद्दलही काही नव्हतं. गाळा बंद ठेवला, घरून खुर्ची आणली आणि तीन दिवस त्या भिंतीखाली बसलो. जो येईल त्याला सांगायचो, “पाटी चुकलीय. हे विरारचं आहे.” बहुतेक जण “हो का?” म्हणून पुढच्या चित्राकडे जात. एका मास्तरांनी मला समजावलं की शहरातून तेजोमेघ टिपणं शक्य नसतं. मी त्यांना खिशातला फिल्टर दाखवला. ते म्हणाले, “यातून तर काहीच दिसत नाही.”

तिसऱ्या दिवशी दुपारी आगाशीच्या बाजूची एक बाई आली. रिकामी टोपली कडेवर, भाजी विकून घरी चाललेली. उघडं दार बघून आत आली असावी. चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली.

“ह्ये कुठलं?” तिने विचारलं.

“विरारचं. आमच्या टाकीवरचं.”

तिने पाटी वाचायचा प्रयत्नही केला नाही. “मंग आमच्या आगाशीवरपन आसंल.”

“असणारच. तुमच्या घरावर तर अजून स्वच्छ असेल.”

“मी रोज बगते वर. कदी दिसलं नाय.”

“डोळ्यांना दिसत नाही.”

“दिसत नाय, तर हाय कशावरनं?”

तीन दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी बरोबर प्रश्न विचारला होता. मी तिला खुर्ची दिली. फिल्टर तिच्या तळहातावर ठेवला आणि सगळं सांगितलं: सोडियमचा पिवळा, हायड्रोजनचा लाल, दहा-दहा मिनिटांची चित्रं, चांदणं, टाकी, आणि पाटीवरचा खोटा डोंगर. ती मध्ये मध्ये अडवत होती. पिवळा कुठे जातो? लाल रंग बाकी कशात नाही का? दिव्यात नाही कशावरून? जिथे मला नीट उत्तर देता आलं नाही तिथे मी तसं सांगितलं. अर्ध्या तासाने ती उठली. “टाकीवरचंच हाय,” ती म्हणाली, जसं काही निकाल द्यायला आली होती. मग दारातून मागे वळली. “तेंनी डोंगर का लिवलाय?”

“ते त्यांनाच विचारा.”

तिने खरंच विचारलं. सरळ सचिवांच्या टेबलाजवळ गेली आणि टोपली कमरेवर टेकवून म्हणाली, “ओ बाबा, ह्या मानसाच्या गच्चीवरचं तुमी डोंगरावर कशाला नेलं?” सचिव हसले, एक पुस्तिका तिच्या हातात दिली, आणि दुसऱ्या कोणाशी तरी बोलू लागले. पुस्तिका तिने टेबलावरच ठेवली.

त्यानंतर मी मंडळ सोडलं, गच्ची सोडली नाही. त्याच खांबावरून मी पुढे आणखी तेजोमेघ काढले आणि प्रत्येकाच्या खाली स्वतःच्या हाताने ‘विरार पश्चिम’ लिहिलं. ती चित्रं बघून आमच्या भागातल्या काही जणांनी आपापल्या गच्च्यांवर दुर्बिणी लावल्या. त्यांना खांब मी करून दिले, कॉलमच्या डोक्यावर. ही गोष्ट मला कुठल्याही प्रदर्शनापेक्षा मोठी वाटते.

पण मंडळाची डोंगरावरची इमारत उभी राहिली, आणि तिच्या दारातच, त्यांच्याकडे राहिलेल्या प्रतीवरून, माझं ते पहिलं चित्र लावलं आहे, त्याच पाटीसकट. मंडळाच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावरही तेच आहे. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जातं, बघा, या आकाशातून हे निघालं. म्हणजे विरारमध्ये, भाईंदरमध्ये, कुठल्याही उजेडाच्या गावात गच्चीवर उभं राहून वर बघणाऱ्याला मंडळ रोज सांगतं की इथून काही मिळणार नाही, डोंगरावर या.

सचिव आता मंडळाचे अध्यक्ष आहेत. मी त्यांना तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही. म्हणून हे छापायला देतो आहे. साहेब, त्या दिवशी चहाच्या टेबलाजवळ तुम्ही मला म्हणालात, “मला माहीत आहे हो.” माझ्या बायकोने ते ऐकलं आहे. तुम्हाला माहीत होतं, तरी तुम्ही खोटं लिहिलंत आणि अजून टांगून ठेवलंय. तेव्हा सभासदांची सभा बोलवा, त्या पाटीखाली उभे राहा, आणि सगळ्यांसमोर सांगा ते चित्र कुठून काढलं आणि तुम्ही विरार का खोडलं. मी येईन, पहिल्या रांगेत बसेन, आणि तुमचं बोलून होईपर्यंत तोंड उघडणार नाही. तारीख तुम्ही ठरवा. पण उत्तर द्या.